डालग्याखालची कोंबडी

फार वर्षांमागे हौसाक्कांच्या परसात दोडक्याचा एक वेल होता आणि एक कवडी कोंबडी होती. कोंबडी रोज वेलाच्या बुडाशी उकरून मातीतल्या अळ्या टिपायची. वेल रोज ओरडायचा, "हळू गं! मुळं उघडी पडतात माझी."

एकदा त्याने आक्कांकडेच गाऱ्हाणं केलं, "हिला कोंडा बघू."

वेल फुलावर आला होता, म्हणून आक्कांनी ऐकलं. कोंबडीवर डालगं पालथं घातलं, वर दगड ठेवला. मग दाणापाणी शेजारणीवर सोपवून आणि दगड काढू नकोस असं तिला बजावून त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या.

थोड्याच दिवसांत अळ्या पानांवर चढल्या. वेल कळवळला, "बाई, चुकलो मी. ये ना गं!"

"आले असते रे," कोंबडी आतून म्हणाली, "पण हा दगड मला हलत नाही."

आक्कांनी परतल्यावर आधी डालगं उचललं. कोंबडी धावत वेलाच्या बुडाशी गेली आणि उकरू लागली. वर मांडवावर नुसते वाळके दोर लोंबत होते. 'हळू गं' म्हणून कुणी ओरडेल, याची वाट बघत ती कितीतरी वेळ एक पाय उचलून उभी राहिली.