ठिपकीचा पांढरा गोटा

घड्याळं निघाली नव्हती आणि कोंबड्याच्या बांगेवर सारं गाव उठत होतं, तेव्हाची गोष्ट. ठिपकी नावाच्या कोंबडीला एक गाणं सुचलं होतं. निदान त्याची पहिली ओळ तरी. दुसरी ओळ चोचीशी आली, की कोणीतरी हाक मारायचंच. "अगं ठिपके, माझी पिल्लं जरा बघतेस का?" गाणं जुळवतेय म्हटलं, की शेजारणी म्हणायच्या, "म्हणजे रिकामीच आहेस ना?" असं होता होता ती पहिली ओळही अर्धी विसरली.

अंडी उबवायला खुडूक बसलेल्या कोंबडीला मात्र उठवायचं नाही, ही खुराड्याची रीत. ठिपकीनं कुंपणाजवळचा एक पांढरा गोटा घरंगळत आणला, पंखांखाली घेतला आणि डोळे मिटून बसली.

लगेच सगळीकडे चिडीचूप झालं. शेजारणी तिच्यापुढे दाणे आणून ठेवू लागल्या. तुरेराव कोंबडे बांगसुद्धा लांब जाऊन देऊ लागले.

गाणं पुरं झालं, तशी ठिपकी उठली आणि सगळ्यांसमोर गायली. गाणं चांगलं होतं. ते संपल्यावर तुरेरावांनी गोट्यावर चोच मारून पाहिली.

"अगं, हा तर दगड! मग इतके दिवस उबवलंस काय?"

"आत्ता ऐकलंत की, तुरेराव."

तुरेराव कुंपणाकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गाव फार उशिरा उठलं. कुंपणापाशी सगळ्यात मोठ्या गोट्यावर तुरेराव डोळे मिटून बसले होते, आणि खुडूक बसलेल्याला उठवायची रीत नव्हती.