कांडीची बातमी

झाडं एकमेकांच्या कुंडीत डोकावून चौकशा करत, त्या काळची गोष्ट. एका गॅलरीत खिडकीला कान लावून बसलेल्या जास्वंदीनं मालकीणबाई कुमुदताईंचं बोलणं ऐकलं, "ऑर्किडच्या त्या बोडक्या कांडीला उद्या कात्रीनं..." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

पण अर्धी बातमीही जास्वंदीला पुरेशी होती. दहा मिनिटांत गॅलरीभर झालं, की म्हातारी कांडी उद्या जाणार.

लहानशा कुंडीत डेंड्रोबियम जातीच्या त्या ऑर्किडच्या चार कांड्या दाटीवाटीनं, पण सुखात राहत होत्या. तिघी हिरव्यागार, चौथीची पानं थंडीत गळलेली. तिच्या अंगावर मात्र दोन दिवसांपासून कळ्यांचे बारीक फुगवटे आले होते. त्या उमलेपर्यंत तरी राहू द्यावं, एवढंच तिला वाटत होतं.

"आजी, घटाघटा पाणी पी आणि पटकन पानं काढ," झारी म्हणाली. "हिरवी दिसलीस तर वाचशील."

"नको गं बाई. थंडीत जास्त पाणी झालं तर मुळं कुजतील, या पोरीसुद्धा जातील. माझ्या एकटीसाठी त्यांचा जीव कशाला घालवू?"

सकाळी कुमुदताई खरंच कात्री घेऊन आल्या. सगळ्या गॅलरीनं श्वास रोखला. कच्चकन आवाज झाला आणि कांडीला काठीशी आवळणारी सुतळी खाली पडली.

"काचत होती ना गं?" फुगवट्यांवरून हलकेच बोट फिरवत कुमुदताई म्हणाल्या. "आता निवांत बहरून ये."

जास्वंद शेजारच्या तुळशीकडे वळून म्हणाली, "बघ, कात्री येणार म्हटलं होतं की नाही मी?"