जागेवर ताट

महामार्गात जमिनी गेल्या, गावात घरटी गाडी आली आणि नाक्यावर गाडीतल्या गाडीत बर्गर देणारं दुकानही आलं. हौसाबाईंच्या खानावळीतली बाकं ओस पडू लागली.

एका दुपारी पंचायत समितीचे सभापती सर्जेराव नवी कोरी गाडी दारात लावून हॉर्नवर हॉर्न देऊ लागले.

"मटणाचं ताट गाडीतच पाठवा! नाक्यावर बघा, खिडकीत आणून देतात. तुम्ही अजून मागासच. अशानं खानावळ बुडेल!"

ते हौसाबाईंच्या वर्मी लागलं. तरी त्या हसतच खिडकीशी आल्या आणि स्टिअरिंगला टेकलेल्या पोटाकडे त्यांनी मायेनं पाहिलं.

"पाठवते की, साहेब. आमच्यात जागेवर ताट बाळंतिणीलाच देतात. काय झालं, मुलगा की मुलगी?"

आत जेवणाऱ्या चौघांना ठसका लागला. सर्जेराव गाडीतून उतरले आणि हात धुऊन बाकावर बसले.