चुलीशेजारचा चंदनबटवा

गोदाकाठच्या एका गावी एकदा असा गारठा पडला, की गव्हाच्या पातीवर दव गोठू लागले. त्या गावात रंगनाथबाबा नावाचे वृद्ध शेतकरी राहत. शेतीतले काही अडले की लोक त्यांना विचारीत, आणि चाळिशीतला दौलत तर स्वतःला त्यांचा शिष्यच म्हणवीत असे.

हा दौलत एके सकाळी धुसफुसत आला.

“बाबा, तणनाशक मारून बारा दिवस झाले. गव्हात चंदनबटवा अजून हिरवागार हाये. झुंबरशेठनं नकली औषध दिलं. पारावर चार लोकांत सांगूनच आलो मी. आता दुसऱ्या दुकानातलं आणून उद्या परत मारतो.”

“पाच दिवस थांब,” बाबा म्हणाले.

मग खुरपे घेऊन ते दौलतच्या शेतात गेले. फवारलेल्या गव्हातला एक चंदनबटवा त्यांनी मातीसकट काढला, फवारा न पोहोचलेल्या बांधावरचा दुसरा काढला. दोन्ही रोपे दोन डब्यांत लावून घरी आणली. दिवसा ती अंगणातल्या उन्हात ठेवायची आणि ऊन कलले की चुलीच्या उबेला. तणाचे एवढे लाड कशासाठी, हे दौलतला कळेना.

संशयाला एकदा वाट मिळाली की तो घरच्या माणसालाही सोडत नाही. बाबा झुंबरशेठच्या दुकानात चहाला बसतात, हे दौलतला आठवले. म्हातारा शेठला सामील तर नसेल? डब्यातले रोपच बदलले तर? त्याने फवारलेल्या रोपाचे एक पान गुपचूप खुडून खूण केली आणि रोज येऊन ती तपासू लागला. बाबांनी ते पाहिले आणि त्याला खुशाल तपासू दिले.

पाचव्या दिवशी खुणेचे रोप पिळवटून पिवळे पडले होते. बांधावरच्या रोपाला मात्र नवी पालवी फुटली होती. दौलत दोन्ही डबे पाहत उभा राहिला. त्याला मनापासून लाज वाटली.

“थंडीत रोप आखडून बसतं,” बाबा म्हणाले. “औषध पानात शिरलं होतं, पण आत रसच फिरेना, तर ते मुळापर्यंत जाणार कसं? इथं ऊब मिळाली आणि ते आपल्या कामाला लागलं. शेतातही ऊन वाढलं की हेच होईल. आणि गव्हालाही औषध पचवायला ऊबच लागते. एवढ्या गारठ्यात दुसरा फवारा दिला असतास, तर गहूच होरपळला असता.”

“वाचलो म्हणायचं बाबा,” दौलत म्हणाला.

“तू वाचलास. पण पारावर जे बोलून आलास, तोही एक फवाराच होता. त्याचा परिणाम दिसला नाही, म्हणून तो झालाच नाही असं समजू नकोस.”

दौलत तसाच पाराकडे गेला आणि सगळ्यांसमोर आपली चूक बोलून दाखवली. लोकांनी माना डोलावल्या. तिथून तो झुंबरशेठच्या दुकानी गेला. ऐन हंगामात बाकावर कोणी नव्हते. शेठ एकटेच बसले होते. त्यांनी इतकेच विचारले, “गहू कसा आहे, दौलतराव?”

पुढे ऊन वाढले आणि आठवडाभरात गव्हातले तण वाळून गेले. झुंबरशेठच्या दुकानात गिऱ्हाईक परतायला मात्र गव्हाची सोंगणी-कापणी उजाडली.