बुधाजीने गाळ धुतला

बाटली चकचकीत होती. मला पहिल्यांदा खटकलं ते तिथेच. गाळाची बाटली कधी चकचकीत असते का?

पण आधी बुधाजीचं सांगायला हवं. खारवेली नावाच्या सरकारी बंदरावर बुधाजी नावाचा एक भोळा शिपाई होता. इतका भोळा, की 'दार लावून घे' म्हटलं तर आपण आत आहोत की बाहेर हे आधी विचारायचा. आळस त्याला ठाऊक नव्हता. सांगितलेलं काम तो मन लावून करायचा. अडचण तीच होती.

मी तिथे नुकतीच लागले होते. पर्यावरण सहायक, कंत्राटी. बंदराचा भोंगा वाजला की माझ्या हातातलं खाली पडायचं, आणि भोंगा दिवसभर वाजायचा.

बंदरावर एक जुनी तेलाची टाकी होती. ती गळली आणि काळं तेल धक्क्यालगतच्या गाळात जाऊन बसलं. मासळीला रॉकेलचा वास येऊ लागला. व्यापारी टोपलीजवळ यायचे, नाक धरायचे आणि निघून जायचे. मासळी विकणाऱ्या बायकांची पुढारी चांगुणाबाय रोज ऑफिसात येऊन आमच्या टेबलावर एक बांगडा ठेवायची. "घ्या, हुंगा," म्हणायची. आम्ही हुंगायचो. दुसरं काय करणार?

सफाईला मंजुरी आली होती, पण अट होती. सफाई कशी करायची ते सांगणारा सल्लागार आधी नेमायचा आणि त्याचा होकार महिनाअखेरीस संध्याकाळी पाचच्या आत वरच्या कार्यालयाला कळवायचा. नाही कळवला तर मंजुरी परत. बंदर अधिकारी परुळेकर साहेबांनी हे काम माझ्यावर टाकलं. "नीरजा, सोपं आहे," ते म्हणाले. सोपं आहे म्हटलं की मला घाम फुटतो.

सल्लागारांना दाखवायला गाळ हवा होता. मी म्हटलं, "बुधाजीदादा, धक्क्याजवळचा गाळ एक बाटलीभर आणा."

बुधाजी सकाळी गेला आणि दुपारी आला. बाटलीत पांढरीशुभ्र वाळू. तळाला दोन शिंपल्या, त्याही घासलेल्या.

"दादा, गाळ कुठाय?"

"हाच की. धुतला."

"धुतला?"

"पाणी निवळेपर्यंत धुतला. शिकलेली माणसं येणार मॅडम. त्यांच्यापुढं घाण कशी ठेवायची?"

मी डोक्याला हात लावला. मग समजावलं. "धुवायचं नाही. पुसायचं नाही. जसं असेल तसं उचलून आणायचं."

"जसं असेल तसं," बुधाजी म्हणाला. "एवढंच ना. आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी पहिले सल्लागार आले, देवस्थळी. ते विश्रामगृहात उतरले होते. साहेब म्हणाले, "बुधाजी, जा, त्यांना घेऊन ये."

बुधाजी गेला. देवस्थळी तेव्हा दाढी करत होते. कमरेला टॉवेल, एका गालाला साबण. बुधाजीने दारातून पाहिलं. धुवायचं नाही, पुसायचं नाही. त्याने देवस्थळींना उचललं आणि खांद्यावर टाकून धक्क्यावरून ऑफिसात आणलं.

वाटेत चांगुणाबाय जाळ्यापाशी बसली होती. "काय रं बुध्या, एवढा मोठा घोळ कुठं गावला तुला?"

"सल्लागार आहेत."

"मग खवलं काढून तरी न्यायचा."

देवस्थळींना साहेबांच्या पुढ्यात उभं केलं. साबण अजून ओला होता. त्यांनी एकच सल्ला दिला, तोही फुकट, आणि त्यात सफाईचं काही नव्हतं. अकराच्या एसटीने ते गेले.

साहेब लाल झाले. "अरे, ही काय पद्धत? आलेल्याला आधी खुर्ची द्यावी. पंखा लावावा. गरम चहा पाजावा. कसं वाटतंय विचारावं."

"असं होय," बुधाजी म्हणाला. "आधी सांगायचं."

आता दुसरे सल्लागार येणार होते, बिवलकर. त्यांच्यासाठी मी पुन्हा गाळ मागवला. या वेळी बुधाजीने न धुता, न पुसता, बादलीभर आणला. मला हायसं वाटलं. मी हात धुऊन आले आणि साहेबांच्या खोलीत डोकावले.

बादली साहेबांच्या खुर्चीवर होती. वर पंखा फिरत होता. बुधाजी पुढे वाकून विचारत होता, "कसं वाटतंय आता?"

मी पाहिलं ते एवढंच. बादलीत काय गेलं होतं, ते मला माहीत नव्हतं. मी बादली उचलली आणि बिवलकर आले तशी गुपचूप त्यांच्या गाडीत ठेवली.

चार दिवसांनी बिवलकर निष्कर्ष सांगायला आले. सगळे मीटिंगला बसलो. बिवलकर घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या बंदराच्या तळाशी दूध सापडलं. साखर सापडली. आलंही आहे. तेल आहे, पण मला आधी त्या चहाची काळजी वाटते."

साहेब माझ्याकडे वळले. तेवढ्यात बुधाजीचा फोन वाजला. त्याच्या फोनवर कोंबडा आरवतो. माझ्या हातातली बशी पडली. बुधाजीने फोन उचलला आणि तिथेच आत्याशी बोलू लागला. "मीटिंग चाललीय गं. नाही, साखर कमीच घातली होती. दोनच चमचे."

सगळ्यांनी बुधाजीकडे पाहिलं.

"आलं घरचं होतं," तो म्हणाला.

बिवलकरांनी बॅग आवरली. "माझं पंचवीस वर्षांचं नाव चहात बुडवायचं नाही," असं म्हणून तेही गेले. साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "बुधाजी, मीटिंग संपेपर्यंत फोन उचलायचा नाही. काही झालं तरी."

"काही झालं तरी," बुधाजी म्हणाला.

मग मी त्याला बाजूला घेतलं. "दादा, आता नमुन्यांचं नीट ऐका. चहा नाही, पंखा नाही, खुर्ची नाही. आलं की थेट बर्फाच्या खोलीत न्यायचं. सगळं आत आलं की कुलूप. मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. आणि शिंपली असो, दोर असो, ज्याला ज्याला गाळ लागलाय, ते बाटलीत भरून चारच्या एसटीने प्रयोगशाळेत पाठवायचं. पुसायचंसुद्धा नाही."

बुधाजीने बोटांवर मोजत सगळं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. तेव्हाच घाबरायला हवं होतं.

बर्फाची खोली म्हणजे धक्क्यावरच्या जुन्या बर्फ कारखान्याचं गोदाम. मासळीचा धंदा बसला होता, म्हणून भुशाखाली थोड्याच लाद्या उरल्या होत्या. जाड भिंती, बारकी झरोकावजा खिडकी. आत फोनला रेंज नाही. बुधाजीने तिथे बाटल्या ओळीने लावल्या. अगदी छान लावल्या.

महिनाअखेर आली. तिसऱ्या सल्लागार डॉ. रेगे लाँचने यायच्या होत्या. त्या शेवटच्या. त्यांच्यापुढे कोणी नव्हतं. साहेबांनी नवा शर्ट घातला. चांगुणाबाय धुतलेलं लुगडं नेसून आली आणि आज टेबलावर बांगडा ठेवला नाही. म्हणाली, "आज बाईला बघून घेऊ. ती हो म्हणाली तर पोरी परत टोपल्या उचलतील. नाही म्हणाली तर तुझ्या साहेबाला जाळ्यात घालते."

"नीरजा," साहेब मला म्हणाले, "तू या खोलीतून हलू नकोस. होकार कळला की लगेच वर फोन लाव."

मी म्हटलं, हलत नाही.

लाँच लागली. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. पांढऱ्या केसांच्या रेगेबाई उतरल्या. बुधाजी हात जोडून उभा होता. दोघं काहीतरी बोलली आणि कोपऱ्याआड गेली. मी चहाचे कप मांडले. कोणी वर आलं नाही.

"बघून येतो," साहेब म्हणाले आणि खाली गेले. तेही आले नाहीत.

"हे सगळे कुठं उलथले?" चांगुणाबाय म्हणाली आणि पदर खोचून खाली गेली. तीही आली नाही.

मी एकटी. कप मांडलेले. चहावर साय आली. मी साहेबांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. रेगेबाईंना लावला. बाहेर. चांगुणाबायला लावला. बाहेर. बुधाजीला लावला. वाजला, वाजला, वाजून वाजून थांबला. खाली जाऊन बघावं असं दहादा वाटलं. पण साहेबांनी हलू नको सांगितलं होतं, आणि मी हलले नाही. बुधाजीला हसणं सोपं आहे.

चारची एसटी हॉर्न वाजवत बंदरावरून गेली. बुधाजीला परत लावला. नुसताच वाजत राहिला. साडेचार झाले. भोंगा वाजला आणि एक कप गेला. बुधाजीला परत लावला. आता पाचाला पाच कमी. मी खिडकीतून समुद्राकडे बघून म्हटलं, गेली मंजुरी, गेली मासळी, गेली नीरजा. आणि शेवटचा म्हणून एकदा लावला.

तो उचलला गेला.

"बोला मॅडम," बुधाजी म्हणाला.

"दादा, अहो, तासभर फोन लावतेय. उचलला का नाही?"

"मीटिंग चालली होती ना. आत्ता संपली."

"कुठली मीटिंग? कुठे?"

"बर्फाच्या खोलीत. रेगेबाई आल्या, तशा आत नेल्या. चहा नाही, पंखा नाही, खुर्ची नाही. त्या बाटल्या बघत बसल्या. मग साहेब विचारत आले, बाई कुठे? म्हटलं, आत. मग चांगुणाबाय आली, साहेब कुठे? म्हटलं, आत. सगळं आत आल्यावर कुलूप लावलं. मी दारालाच कान लावून बसलोय."

"काय म्हणतायत ते?"

"रेगेबाई हो म्हणाल्या. बंदर साफ करायचं काम घेतलं म्हणाल्या. कसंही करून घेतलं, पण दार उघडा म्हणाल्या. साहेबांनी नेमणूक केली. चांगुणाबाय काय म्हणाली, ते तुमच्यासारख्या पोरीला सांगण्यासारखं नाही. आता सगळे मिळून दारावर टाळ्या वाजवतायत."

मी दुसऱ्या फोनवरून वरच्या कार्यालयाला होकार कळवला. पाचाचा भोंगा झाला आणि या वेळी माझ्या हातातून काही पडलं नाही. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं.

"दादा," मी म्हटलं, "शाब्बास. आता उघडा दार."

"तुमचीच वाट बघत होतो. तुम्ही सांगेपर्यंत उघडायचं नव्हतं ना."

"सांगतेय ना. किल्ली लावा."

मागून चांगुणाबायचा आवाज येत होता.

"किल्ली ना," बुधाजी म्हणाला, "कुलूप लावताना गाळात पडली होती, मॅडम."

"मग?"

"मग काय. पुसलीसुद्धा नाही. बाटलीत भरली आणि चारच्या एसटीनं प्रयोगशाळेत पाठवली. आठ दिवसांत रिपोर्ट येईल."