तिसऱ्या घरातली कॉइल

"म्हणजे हाही मठ सोडणार?"

"हो."

"याआधीचाही सोडला होतास."

"त्याच्याआधीचाही," विश्राम म्हणाला. "मोजा हवं तर."

त्याचे गुरू रंगनाथबुवा मोजत बसले नाहीत. ओसरीवरून उतरून ते अंगणात आले आणि गाडीच्या पुढ्यातल्या दगडावर टेकले.

विश्रामने बोनेट उघडलं. गाडी त्याचीच. आजऱ्याकडच्या डोंगरावरच्या या मठात तो आला तो तीच चालवत, आणि तेव्हापासून बुवांना कुठे न्यायचं-आणायचं ते याच गाडीतून. आता तीच घेऊन तो कायमचा खाली उतरणार होता. पण गाडी मिसिंग मारत होती. चढाला दम टाकायची, उताराला आचके द्यायची. अशी गाडी घाटात घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

मठाचे विश्वस्त जयवंतराव सकाळी म्हणाले होते, "तालुक्याहून मेकॅनिक बोलावून घेऊ."

"तुमच्या मठाचं मला आता काही नको," असं तोंडावर सांगून विश्रामने स्वतःचे पाने काढले होते. घरी होता तेव्हाही गाडीची कामं तो दारात स्वतःच करायचा.

"कालचं मनात धरून चाललास..." बुवा म्हणाले.

"मनात नाही धरलं. बोललो. सगळ्यांदेखत."

काल पंगत होती. देणगीदार आत, बुवांच्या शेजारी, पाटावर. खालच्या वाडीतली माणसं बाहेर, पत्र्याखाली. मठाचा लाकूडफाटा त्यांनी आणायचा, भांडी त्यांनी घासायची, पण जेवायला उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. विश्रामने वाडीतल्या पारूबाईला हाताला धरून आत आणलं आणि स्वतःच्या पाटावर बसवलं. जयवंतरावांनी म्हातारीला भरल्या पानावरून उठवलं. हातातला घास पदरात धरून ती गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिने.

"आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत," विश्राम म्हणाला.

"जेवताना मिटतो मी."

"जेवण थांबवलं नाहीत."

...

वारा सुटला होता. बुवांनी उपरणं सावरलं आणि इंजिनाकडे बोट केलं.

"काय बिघडलंय?"

"कॉइल. चार आहेत. प्रत्येकीने आपापल्या प्लगला ठिणगी द्यायची. तिसरी देत नाही."

"कशावरून?"

विश्रामने गाडी सुरू केली. इंजिन लंगडत चालू लागलं. पहिल्या कॉइलच्या डोक्यावरची वायर त्याने उपटली, इंजिन आणखी गचकलं. वायर परत लावली. दुसरीला तेच, चौथीला तेच. तिसरीची वायर काढली... इंजिनाला काही पत्ताच नाही. जसं लंगडत होतं तसंच लंगडत राहिलं.

"काढली काय, लावली काय, सारखंच," तो म्हणाला आणि त्याने गाडी बंद केली.

"गेल्या महिन्यात नवी घातली होतीस ना ही?"

"घातली होती."

"मग?"

"मग एक तर कॉइलच खोटी असेल, नाहीतर जागा, म्हणजे तिचं घर. ओळखायला सोपं आहे. तिसरी काढून पहिलीच्या घरात घालायची, पहिली हिच्या घरात. खोट कॉइलमध्ये असली तर ती तिच्याबरोबर जाईल."

बुवा गालातल्या गालात हसले.

"घर बदललं तरी... बरोबर जाईल."

विश्रामचा पाना धरलेला हात थांबला.

"हे मला आहे?"

"गाडीचं चाललंय."

"नाही, मलाच आहे! मठामागून मठ बदलतो, तेव्हा खोट याच्यातच. असंच ना? स्पष्ट बोला की."

"तूच बोललास."

पारूबाईचा तो घास विश्रामच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि इथे हिशेब चालला होता तो त्याच्याच मठांचा.

"ठीक आहे," तो म्हणाला. "होऊन जाऊ दे. इथेच बसा. उठायचं नाही."

गुरूला असं कुणी बोलत नाही. बुवा बसून राहिले.

त्याने दोन्ही कॉइलचे बोल्ट काढले, कॉइल उपसून एकमेकींच्या जागी दाबून बसवल्या, बोल्ट आवळले, वायरी लावल्या. चावी फिरवली.

इंजिन लंगडतच होतं.

त्याने पहिल्या घरातली वायर उपटली. इंजिन गचकलं. म्हणजे जिला मेलेली समजत होते ती कॉइल इथे ठणठणीत काम करत होती. मग तिसऱ्या घरातली वायर काढली.

काही नाही...

"बघितलंत?" विश्राम जवळजवळ ओरडलाच. "तीच कॉइल घर बदलल्यावर चालली. आणि चांगली चालणारी त्या घरात गेली नि मेली. बोला आता. खोट कुणात आहे?"

बुवा उठले. गाडी बंद झाली, तसे ते इंजिनावर वाकले.

विश्रामने तिसरी कॉइल उपसली, स्क्रू-ड्रायव्हरला फडक्याची पट्टी गुंडाळली आणि तिच्या घराच्या खोल भोकात तळापर्यंत घातली. पट्टी वर आली ती लाल, चिखलाने थबथबलेली.

बुवांनी बोटाने तो चिखल टिपला, नाकाशी नेला.

"कुंकू..."

"कुंकू आणि पाणी. दर गुरुवारी जयवंतराव महाराजांच्या वाहनाची पूजा करतात. बोनेट उघडून वरून तांब्याभर पाणी. ते इथे साचतं नि ठिणगी मरते. मी नको म्हणालो, तर मला म्हणाले, श्रद्धेत लुडबुड करू नकोस."

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही गाडीतच होतात, बुवा. मागच्या सीटवर. डोळे मिटून."

...

बोटावरचं कुंकू बुवांनी धुतलं नाही, पुसलंही नाही.

विश्रामने भोक पट्टीपट्टीने कोरडं केलं. जुना प्लग काढून नवा बसवला. भिजलेल्या कॉइलवर घाटात भरवसा कसा ठेवायचा, म्हणून जवळची जादा नवी काढून तिथे लावली. चावी फिरवली. इंजिन असं एका लयीत चालू लागलं, की ओसरीवरची माणसं माना वळवून बघू लागली.

त्याने पाने गोळा केले. पिशवी मागच्या सीटवर फेकली. निघताना पाया पडायचं असतं. तो पडला नाही. ताठ उभा राहिला, बुवांच्या डोळ्यांत बघत. काहीतरी बोलतील, रागावतील, निदान जा म्हणतील, अशी वाट बघत.

बुवांनी गळ्यातला हार काढून दगडावर ठेवला. वळसा घालून ते पलीकडे गेले, पुढचं दार उघडलं आणि विश्रामच्या शेजारच्या सीटवर बसले. त्या सीटवर ते आजवर कधी बसले नव्हते.

विश्राम स्टिअरिंगमागे बसला, पण त्याचा हात गिअरवर जाईना.

"मी तुम्हाला न्यायला आलेलो नाही," तो म्हणाला.

ओसरीवरून जयवंतराव धोतर सावरत धावत आले. "महाराज! आत मंडळी दर्शनाला खोळंबलीत. मुंबईहून आलेत सगळे!"

बुवांनी तिकडे बघितलं नाही.

विश्राम बुवांकडे वळला. "तुम्हाला कळतंय का, बुवा? मी तुम्हाला सोडून चाललोय!"

बुवांनी दार ओढून घेतलं.

"मग सोड ना," ते म्हणाले. "सोडशील तिथे उतरेन."