घरी विचारून या

दहावीचा प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून द्यायची त्या शाळेत रीतच होती. नव्या ठोसरबाईंनी तो शिकवायला घेतला, आणि तिसऱ्याच दिवशी संस्थेचे अध्यक्ष दौलतराव निकम कार्यालयात येऊन बसले. बाईंच्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्यापुढे होता, सहीविना.

"बाई, असल्या गोष्टी मुलं घरी शिकतात," दौलतराव म्हणाले. "धडा बंद करा, नाहीतर दुसरी शाळा बघा."

बाईंनी पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून पुढे ठेवला.

"मलाही तसंच वाटलं होतं, साहेब. म्हणून आधी मुलांना त्यांच्या शंका घरीच विचारायला सांगितल्या. काय उत्तर मिळालं, ते त्यांनी नाव न घालता लिहून आणलंय."

दौलतराव वाचू लागले. 'आईने थोबाडीत दिली.' 'बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.' तिसऱ्या चिठ्ठीवर ते थांबले. त्यांची नात याच वर्गात होती.

'आजोबा म्हणाले, मला काय विचारतेस? शाळा कशाला काढलीय मी? बाईंना विचार.'

"शाळा काढणाऱ्यांनीच सांगितलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून शिकवायला घेतलं."

दौलतरावांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि पेनाचं टोपण काढलं.